वॉडकटरसाठी पुंगळी निवडताना आधी गोळीचा तळ मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. .३८ स्पेशल काडतुसाचं रिव्हॉल्व्हर, १४८ ग्रेनची (सुमारे ९.६ ग्रॅम) पोकळ तळाची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची टार्गेटची गोळी, आणि २५ मीटरवरचं टार्गेट. फॅक्टरीची काडतुसं एका जागी छान गोळा होतात, स्वतः भरलेली मात्र पसरतात. बंदुकीची दारू बदलून पाहिली, प्राइमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) बदलून पाहिला, फरक पडला नाही. पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची धातूची रिकामी नळकांडी, रेंजवरून जमवलेल्या, पाच-सहा वेगवेगळ्या छापांच्या (उत्पादकांच्या). आता नव्या पुंगळ्या घ्याव्यात का, आणि घेतल्या तर साध्या पितळी की निकेल चढवलेल्या?

माझं उत्तर असं, की अजून काहीच विकत घेऊ नका. आधी तुम्हीच भरलेल्या दोन-तीन काडतुसांच्या गोळ्या परत बाहेर काढा आणि त्यांचा तळ मायक्रोमीटरने मोजा. माझा अंदाज आहे की उत्तर तिथेच सापडेल.

दोन गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हे सगळं बोलणं जिथे कायद्याने काडतुसं भरायला मुभा आहे आणि तुमच्याकडे त्यासाठी लागणारा परवाना आहे, तिथलंच आहे. आणि दारूचं माप मी देणार नाही. ते तुमच्या हातात असलेल्या दारूच्या उत्पादकाने छापलेल्या चालू तक्त्यातूनच घ्यायचं, त्याच वजनाच्या आणि त्याच प्रकारच्या गोळीसाठीचं. दुसऱ्याच्या वहीतलं माप उतरवून घेण्यात मोठा धोका असतो.

आता मूळ मुद्दा. वॉडकटर गोळी म्हणजे जवळजवळ सपाट तोंडाचा शिशाचा दंडगोल. कागदाला भोक पाडायच्या पंचसारखी ती टार्गेटमधून नीट वर्तुळ कापून जाते. गोल टोकाची गोळी कागद फाडते, कडा आत दुमडतात आणि रेषेला स्पर्श झाला की नाही यावर वाद होतो. वॉडकटरच्या भोकाची कड रेषेला लागली की लागली. हा फायदा मिळवण्यासाठी गोळी पूर्ण आत, पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवतात. इथेच पुंगळीची परीक्षा सुरू होते.

.३८ स्पेशलची पुंगळी जास्तीत जास्त २९.३ मिमी लांब असते. १५८ ग्रेनची नेहमीची गोल टोकाची गोळी त्यात साधारण आठ-नऊ मिमी आत जाते. पोकळ तळाची वॉडकटर स्वतःच १५-१६ मिमी लांब आणि ती सगळीच्या सगळी आत. म्हणजे तिचा तळ पुंगळीच्या निम्म्याहून खाली पोहोचतो. पुंगळीची भिंत तोंडाशी पातळ असते आणि बुडाकडे जाताना आतून जाड होत जाते. ही जाडी कुठून सुरू होते हे प्रत्येक उत्पादकाचं वेगळं असतं. साध्या गोळीसाठी बनवलेल्या पुंगळीत ती अशा ठिकाणी सुरू होऊ शकते, की वॉडकटरचा तळ नेमका त्या अरुंद भागात ठोकला जातो. शिसं मऊ, पितळ कडक. हार गोळीलाच मानावी लागते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर असं करा. हातोडीच्या आकाराचा, आपटून गोळी काढायचा पुलर घ्या. चिमट्याने पकडणारा पुलर इथे चालत नाही, कारण सपाट बसलेल्या गोळीचा पकडायला काही भागच बाहेर नसतो. पुलरच्या तळाशी कापसाचा छोटा बोळा टाका, नाहीतर मऊ गोळीचं तोंड आपटून चेपेल. डोळ्यांवर चष्मा हवाच. दोन-चार ठोक्यांत गोळी निघते. दारू वेगळी करा. आता गोळीच्या तळाशी, म्हणजे पोकळ भागाच्या पातळ झालरीवर मायक्रोमीटर हलकेच लावा. फार दाबू नका, झालर इतकी मऊ असते की मापतानाच चेपते. डब्यातल्या न वापरलेल्या गोळीचं माप ०.३५८ इंच म्हणजे ९.०९ मिमी आलं, आणि काढलेल्या गोळीच्या तळाचं ०.३५५ इंच, तर पुंगळीने तीन हजारांश इंच, वर्कशॉपच्या भाषेत तीन थाऊ, आधीच खाऊन टाकले आहेत. एकदा एकाच दिवशी, एकाच डायमधून (पुंगळीला आकार देणाऱ्या आणि गोळी बसवणाऱ्या साच्यातून) भरलेल्या वीस काडतुसांच्या गोळ्या मी अशा काढल्या होत्या. एका छापाच्या पुंगळ्यांमधल्या गोळ्या जशा घातल्या तशाच निघाल्या. दुसऱ्या छापातल्या गोळ्यांना खालच्या चार-पाच मिमीवर चकचकीत पट्टा आला होता आणि हातात फिरवल्यावर त्यांचा निमुळतेपणा बोटांना कळत होता. त्या वेळी आधीचे कित्येक महिने मी दारू बदलण्यात घालवले होते.

कोणी म्हणेल, पोकळ तळाची झालर दाबाने फुगतेच, मग एवढी चिंता कशाला? ती फुगते हे खरं आहे. तिचं कामच ते आहे. मऊ शिशाची ती झालर वायूच्या दाबाने पसरते, सिलिंडरच्या थ्रोटला, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या पुढच्या तोंडाला, आणि नळीतल्या आट्यांना घट्ट बसते आणि कमी दाबाच्या भरणातही वायू बाजूने निसटू देत नाही. पण ती सगळीकडून सारखी दाबली गेली असेल तरच सारखी फुगेल. पुंगळीची भिंत क्वचितच सगळीकडून एकसारख्या जाडीची असते. एका बाजूने जास्त दाबलेली झालर वाकडी फुगते, आणि वाकड्या तळाची गोळी नळीच्या तोंडातून सुटताना वायू एका बाजूने आधी बाहेर पडतो. नाकावरचा ओरखडा गोळी सहन करते, तळावरचा करत नाही. ओतीव, भरीव तळाच्या वॉडकटरचं तर आणखी अवघड. ती मिश्रधातूमुळे कडक असते, एकदा दाबली गेली की परत नीट फुगत नाही. मग वायू बाजूने निसटतो, शिसं जाळतो आणि नळीत, विशेषतः फोर्सिंग कोनजवळ (नळीच्या सिलिंडरकडच्या निमुळत्या तोंडाजवळ), शिशाचे पापुद्रे साचतात. तुमच्या नळीत तसं काही दिसतंय का, तेही बघून ठेवा.

याच कारणासाठी वॉडकटरसाठी खास पुंगळ्या बनतात. त्यांची भिंत बरीच खोलवर एकसारखी पातळ ठेवलेली असते. जुन्या फॅक्टरी वॉडकटर काडतुसांच्या पुंगळ्यांवर बाहेरून एक किंवा दोन गोल खाचा असायच्या. दोन खाचा दिसल्या तर ती वॉडकटरची पुंगळी असण्याची शक्यता चांगली, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. खाचा इतर काडतुसांच्या पुंगळ्यांवरही मारतात, आणि वॉडकटरच्या सगळ्याच पुंगळ्यांवर त्या असतात असंही नाही.

खात्रीची परीक्षा अगदी सोपी आहे आणि तिला कोणतंही अवजार लागत नाही. तुमच्याच रिव्हॉल्व्हरमधून झाडलेली, अजून डायमध्ये न घातलेली पुंगळी घ्या. तोंडावर क्रिम्पची (गोळी धरून ठेवायला आत वळवलेली) कड राहिली असेल तर ती किंचित मोकळी करा. आता वॉडकटर गोळी अंगठ्याने अलगद आत सोडा. झाडल्यावर पुंगळी चेंबरएवढी (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकाएवढी) फुगलेली असते, त्यामुळे गोळी सुरुवातीला सैल उतरते. ती तशीच तोंडाशी सपाट होईपर्यंत गेली, तर ही पुंगळी तुमच्या कामाची. तीन-चार मिमी बाहेर असतानाच अडली, तर ती जिथे अडली तिथून भिंत जाड होते. अशा पुंगळीत डाय आणि प्रेसच्या जोरावर गोळी बसेल जरूर, पण ती कशी बसेल ते वर सांगितलंच आहे. शंभर पुंगळ्या अशा तपासायला अर्धा तासही लागत नाही. बहुतेक वेळा दिसेल की छापानुसार आपोआप दोन ढीग पडतात.

+पी (जास्त दाबाचं भरण) असा शिक्का असलेल्या पुंगळ्या मी या कामासाठी बाजूला ठेवतो. काहींची भिंत जाड असते, काहींची नसते, आणि वॉडकटरच्या हलक्या भरणाला त्या शिक्क्याचा काहीच उपयोग नाही.

निकेल की पितळ? टार्गेटसाठी साधं पितळ. निकेल चढवलेली पुंगळी चामड्याच्या पट्ट्यात राहिली तरी हिरवी पडत नाही, चेंबरमध्ये सुळकन जाते, डोळ्यांना पटकन दिसते. पण ती तोंडाशी लवकर चिरते, आणि वॉडकटरमध्ये तोंड दर वेळी फुलवावं आणि परत मिटवावं लागतं. निकेलचे कपचे सुटायला लागले की ते डायमध्येही जातात. माझा अनुभव असा, की निकेलच्या पुंगळ्यांचा शेवट जवळजवळ नेहमी तोंडावरच्या चिरेने होतो, तर चांगल्या पितळाची पुंगळी हलक्या भरणात इतक्या वेळा वापरता येते की मोजदाद कंटाळवाणी होते. चिरलेली पुंगळी ओळखायला कानांचा उपयोग करा. पाच-सहा पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवा. चांगल्या पुंगळ्या घंटीसारख्या खणखणतात. एक जरी चिरलेली असेल तरी त्या किणकिणाटात एक बद्द, फुटक्या कपासारखा आवाज येतो. मग एकेक काढून शोधायची. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळते.

पुंगळ्यांची लांबीही पाहा. मिश्र छापांच्या पुंगळ्यांत अर्ध्या मिमीपर्यंतचा फरक सहज निघतो. डाय एकाच उंचीवर बसवलेली असते, त्यामुळे लांब पुंगळीला घट्ट क्रिम्प मिळतो, आखूडला नावापुरता. गोळी सुटायला लागणारा जोर बदलला की एवढ्या छोट्या भरणात दारू कशी पेट घेते तेही बदलतं. यासाठी निवडलेल्या पुंगळ्या एकदाच, त्यांतल्या सर्वांत आखूड पुंगळीच्या लांबीला छाटून घ्या. रायफलच्या पुंगळ्यांसारख्या या दर वेळी लांबत नाहीत, त्यामुळे पुन्हा छाटायची वेळ सहसा येत नाही. तापवून मऊ करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. पुंगळी आखूड आहे, उष्णता बुडापर्यंत पोहोचली तर बूड मऊ होईल आणि ते धोक्याचं आहे.

डायबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: तोंड फुलवणारा प्लग वॉडकटरसाठीचा घ्या. डायच्या संचासोबत येणारा प्लग बहुधा साध्या गोळीच्या खोलीचा असतो, तो वरचा भाग सैल करतो आणि त्याखालची पुंगळी आकसलेलीच राहते. लांब प्लग गोळीच्या पूर्ण लांबीपर्यंत जागा करतो. निव्वळ हा प्लग बदलल्याने बरी असलेली पुंगळी चांगली ठरलेली मी पाहिली आहे. जाड भिंतीच्या पुंगळीला मात्र तोही वाचवू शकत नाही, कारण धातू आहे तिथेच राहतो. तोंड फुलवायचं ते इतकंच, की गोळी हाताने सरळ उभी राहील. कमी फुलवलं तर तोंडाच्या कडेवर शिशाची बारीक अंगठी सोलून निघते. ती दिसली की थांबायचं आणि प्लग एक चतुर्थांश फेरा खाली घ्यायचा.

गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं या दोन क्रिया दोन वेगळ्या डायमध्ये करा. एकाच वेळी केल्या तर गोळी अजून खाली सरकत असताना पितळ तिच्यात रुतायला लागतं. क्रिम्प हलका हवा, फुलवलेलं तोंड सरळ होऊन कडेवर किंचित आत वळेल एवढाच. मधूनमधून बसवणारी डाय उघडून पुसा. गोळीवरचं वंगण आत साचत जातं आणि शंभर काडतुसांनंतर गोळी नकळत अर्धा मिमी जास्त खोल बसायला लागते. सपाट पातळीपेक्षा खोल गोळी म्हणजे आतली जागा कमी आणि दाब जास्त, म्हणून याकडे दुर्लक्ष नको.

प्राइमर बुडाच्या पातळीच्या किंचित आत बसलेला हवा. बोटाचं टोक फिरवून प्रत्येक काडतूस तपासा. वर राहिलेला प्राइमर रिव्हॉल्व्हरच्या मागच्या पत्र्याला घासतो, सिलिंडर अडतो आणि पहिल्या आघाताला काडतूस फुटतही नाही.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती. .३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या काळातली आहे. सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावावी म्हणून तिची जागा ठरली. आज वॉडकटरसाठी आपण जलद जळणारी धूरविरहित दारू वापरतो, तीही जेमतेम तीन ग्रेनच्या आसपास. एवढ्या मोठ्या भांड्यात तळाशी चिमूटभर. म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी ती ओसंडत नाही, आणि गोळी वर तितक्याच सहज बसते. दुप्पट भरणाने सिलिंडर फुटू शकतो. दारू अजिबात पडली नाही तर प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुगते.

यावर माझी पद्धत एकच आहे आणि ती मी कधीच मोडत नाही. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या. दारू भरताना रिकामी पुंगळी तोंड खाली करून ठेवलेल्या ढिगातून उचलायची, भरून ठोकळ्यात ठेवायची. पन्नास भरल्या की दिवा डोक्यावर तिरका धरून ओळीने प्रत्येकीत डोकवायचं. दारूची पातळी सगळ्यांत सारखी दिसली पाहिजे. एक जरी उजळ किंवा काळपट दिसली तर ती रिकामी करून पुन्हा भरायची. मगच गोळ्या बसवायच्या. तयार काडतूस तोलून चूक सापडेल असं समजू नका. पितळाच्या आणि गोळीच्या वजनातला फरकच तीन ग्रेनच्या वर जातो, त्यात दारूची चूक लपून जाते. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. आणि भरताना कोणी बोलायला आलं तर हातातली पुंगळी रिकामी करून मगच मान वर करायची.

रेंजवर एखादा आवाज नेहमीपेक्षा मंद आला, धक्का कमी वाटला, टार्गेटवर भोक नाही, तर लगेच थांबा. नळी टार्गेटकडेच धरून थोडं थांबा, मग सिलिंडर उघडून रिकामा करा आणि नळीतून उजेड दिसतो का ते बघा. सिलिंडर उघडतच नसेल तर गोळी सिलिंडर आणि नळी यांच्या मधल्या फटीत अडकलेली असू शकते. तिथे जोर लावू नका, रेंज अधिकाऱ्याला बोलवा.

पोकळ तळाच्या गोळीला वेग देण्याचा मोहही टाळा. तिचं काम सेकंदाला २१० ते २३० मीटरच्या आसपास उत्तम होतं. भरण वाढवलं तर झालर फाटून तिची अंगठी नळीत राहू शकते, आणि पुढच्या गोळीला तो अडथळाच. तीच गोळी उलटी, पोकळ बाजू पुढे करून भरणारेही भेटतात. टार्गेटसाठी त्यात कसलाच फायदा नाही.

रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचं असेल आणि त्यात .३८ स्पेशल वापरत असाल, तर चेंबरमध्ये आखूड पुंगळीच्या पुढे शिसं, वंगण आणि काजळीची कडी साचते. दर वेळी ब्रशने ती काढा, नाहीतर पुढे लांब पुंगळी बसणार नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेसाठी ७.६२ ते ९.६५ मिमी कॅलिबर चालतं, म्हणून तिथे बरेच जण .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची शंभर ग्रेनच्या आसपासची वॉडकटर पसंत करतात. तळाचं आणि भिंतीचं वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू आहे. पुंगळी आणखी छोटी, त्यामुळे चूक लवकर उघडी पडते.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठेवतो. अंगठ्याने गोळी सोडून पुंगळ्यांचे दोन ढीग करा. चांगल्या ढिगातला सर्वांत जास्त संख्येचा एक छाप निवडा, लांबी सारखी करा. त्यात आणि नापास ढिगातल्या एका छापात, बाकी सगळं तंतोतंत तेच ठेवून, चोवीस-चोवीस काडतुसं भरा. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून २५ मीटरवर झाडा, प्रत्येक चेंबरसाठी वेगळा कागद लावून. म्हणजे दोष पुंगळीचा की एखाद्या चेंबरचा, तेही कळेल. तीन गोळ्यांच्या घोळक्यावरून काही ठरवू नका. दोन्ही ढिगांत फरक दिसला, तर नव्या पुंगळ्या घ्यायच्या की नाही हा प्रश्न चांगल्या ढिगात किती निघाल्या यावर ठरेल. दोनशे निघाल्या असतील तर मी एकही नवी घेणार नाही. नापास पुंगळ्या टाकू नका, सेमी-वॉडकटर (निमुळत्या नाकाच्या) आणि गोल टोकाच्या गोळ्या त्यांत उत्तम बसतात. फक्त डबे वेगळे ठेवा, आणि झाकणावर किती वेळा भरल्या याच्या रेघा मारत जा.